वडिलांसाठी घेतलेलं शुगरचं मशीन, सात महिने वापरून

अ‍ॅक्यू-चेक इन्स्टंट घेतलंय आम्ही. रावेर तालुक्यात घर, वडील 68 वर्षांचे, शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी चालू आहे. याच्या आधी ऑनलाइन एक स्वस्तातलं मशीन मागवलं होतं (नाव नको), त्याच्या पट्ट्या नंतर कुठल्याच मेडिकलवर मिळेनात, पडून राहिलं ते. म्हणून मशीन कुठलंही घ्या पण आधी गावातल्या मेडिकलवर त्याच्या पट्ट्या कायम मिळतात का ते विचारा, खरा खर्च पट्ट्यांचाच असतो.

वापरायला सोपं आहे, पट्टी घातली की आपोआप चालू होतं, कोड टाकायची भानगड नाही, बारीकसा थेंब लागतो आणि चार सेकंदांत आकडा. आकडे मोठे, वडिलांना चष्म्याशिवाय दिसतात.

पण सांगायचंय ते वेगळंच. मार्चमध्ये एका दुपारी वडिलांनी नातवाला केळी सोलून दिली, आमच्याकडे केळी घरचीच, आणि तशाच हाताने तपासायला बसले. बोट स्पिरीटच्या कापसाने पुसलं होतं, तरी आकडा आला 318! मी घाबरलो, वडील तर लगेच "अजून एक गोयी देऊन दे माले" म्हणायला लागले, आणि पाकीट माझ्या हातातच होतं. नशीब आधी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले साबणाने हात धुवा, नीट कोरडे करा, दुसऱ्या बोटातून बघा. धुतल्यावर 146. फळाचा रस बोटाला राहिला की पट्टी त्यातली साखर पण मोजते आणि नुसत्या स्पिरीटच्या पुसण्याने ती पूर्ण निघत नाही. ती जास्तीची गोळी दिली असती तर चांगली असलेली शुगर खाली गेली असती, रात्री झोपेत कोणाला कळलंही नसतं.

खाली गेलेली शुगर काय असते ते आषाढी एकादशीला बघितलं. वडिलांनी कडक उपवास धरला आणि सकाळची गोळी मात्र नेहमीसारखी घेतली, कोणाला न विचारता. चारच्या सुमारास दरदरून घाम, हात थरथरायला लागले, मशीनवर 58. 70 च्या खाली म्हणजे लो. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, 15 मिनिटांनी परत बघितलं तर 84, मग भगर खाऊ घातली. (माणूस शुद्धीवर असेल तरच तोंडाने द्यायचं, नाहीतर तडक दवाखाना.) दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मशीनमधले मागचे सगळे आकडे बघितले आणि गोळीचा पॉवर कमी करून दिला. आता उपवासाच्या आदल्या दिवशीच फोन करून विचारतो.

लॅबशी आकडा तंतोतंत जुळत नाही, 10-15 टक्के इकडेतिकडे होतं, तेवढं चालतं असं डॉक्टर म्हणाले. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) लॅबमध्येच करतो.

अजून एक, पट्ट्या 30 डिग्रीच्या आत ठेवायच्या असतात आणि आपल्याकडे मे हीटमध्ये पारा 45 ला जातो. आमचं जुनं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर आहे, त्याच्या गार राहणाऱ्या मधल्या खोलीत डबी ठेवतो, फ्रीजमध्ये नाही. पट्टी काढली की झाकण लगेच लावायचं, आणि डबी उघडल्याची तारीख मी वर पेनाने लिहून ठेवतो.