शाळांसाठी पुस्तकांची गाडी घ्यावी की पेट्या फिरवाव्यात? पैसे टाकण्याआधी हे वाचा

सगळ्यात आधी एवढंच बघा की तुमच्या भागात जून ते सप्टेंबर गाडी वर चढते का. आम्ही अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला पुस्तकांची गाडी न्यायचो. शाळा जूनच्या मध्यात उघडते, दुसरी-तिसरीतली पोरं सुट्टीत वाचायचं अर्धं विसरून आलेली असतात, म्हणजे पुस्तकांची खरी गरज तेव्हाच, आणि नेमकी तेव्हाच आमची गाडी खाली बाजारतळावर ताडपत्री टाकून उभी, कारण वर धुवांधार पाऊस आणि वाडीकडे जाणारा रस्ता म्हणजे नुसता चिखल.

तरी गाडी वाईट असं मी अजिबात म्हणणार नाही. ही कल्पना जुनी आहे, 1931 साली आजच्या तमिळनाडूत मन्नारगुडीला बैलगाडीतून खेड्यात पुस्तकं न्यायला सुरुवात झाली होती. गाडीची ताकद म्हणजे निवड. आमच्या गाडीत आठशे-नऊशे पुस्तकं होती, आणि ज्या पोराने पाठ्यपुस्तकाशिवाय काही बघितलेलं नाही ते पहिल्यांदा रॅकसमोर उभं राहून स्वतःच्या हाताने पुस्तक उचलतं ना, ते बघण्यासारखं असतं. कुणी साप दिसला म्हणून घेतं, कुणी फक्त ट्रॅक्टरचं चित्र बघून.

पण अडचण फेऱ्यांची. एका गाडीकडे चोवीस शाळा, दिवसाला दोन धरल्या तरी सुट्ट्या, पंक्चर, पासिंग, ड्रायव्हरची रजा हे सगळं धरून एका शाळेवर परत जायला तीन आठवडे सहज लागायचे. तिसरीतली एक मुलगी मला आठवते, अक्षराखाली बोट धरून वाचायची, एका पानाला दहा मिनिटं. तिने शेळीच्या गोष्टीचं पुस्तक नेलं, पुढच्या फेरीला विचारलं तर म्हणाली निम्मं झालं, आणि दुसऱ्या शाळेला द्यायचं म्हणून आम्ही ते परत घेतलं. ते मला आजही लागतं. वाचायला शिकणाऱ्या मुलाला तेच पुस्तक चार-पाच वेळा हातात लागतं, आणि आम्ही ते अर्ध्यावर काढून घेत होतो. असर, म्हणजे खेड्यापाड्यात मुलांचं वाचन-गणित तपासणारी पाहणी, तिच्या 2024 च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या 48.8 टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला होता, म्हणजे आपण बोलतोय ते याच मुलांबद्दल.

आता पेटी. नाशिकला 2009 मध्ये विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं, शंभर पुस्तकांची पेटी एका गटाकडे आणि काही महिन्यांनी गटागटांत अदलाबदल, ती पेटी पार दुबईपर्यंत गेली. शाळांसाठी तेच करायचं, एक पत्र्याची पेटी, त्यात लहान मुलांची शंभर पुस्तकं, सत्राच्या शेवटी शेजारच्या शाळेशी बदलायची. साधं चित्रांचं मराठी पुस्तक पन्नास-साठ रुपयांपासून मिळतं, त्यामुळे एका पेटीचा खर्च सहा-सात हजारांच्या आसपास बसतो. गाडीचं तसं नाही, सेकंडहँड टेम्पो घेऊन आत रॅक बसवले तरी काही लाख जातात आणि मग डिझेल, इन्शुरन्स, ड्रायव्हरचा पगार दर महिन्याला चालूच. पेटी पावसातही शाळेतच असते, हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

पेटीचा रोग वेगळा, कुलूप. एका शाळेत सहा महिन्यांनी पेटी उघडली तर पुस्तकांना नव्याचा वास तसाच. गुरुजींना दोष मी देणार नाही, दोनशिक्षकी शाळा, चार वर्ग, ऑनलाइन माहिती भरायची कामं, आणि डोक्यात भीती की पुस्तक फाटलं तर भरपाई कोण देणार. आम्ही मग प्रत्येक पेटीत कागदावर लिहून दिलं की पुस्तकं फाटली, हरवली तरी चालतील, कुणी विचारणार नाही. आणि वाडीतलीच बारावी झालेली एक ताई ठेवली, आठवड्यातून तीन दिवस एक तास, ती मोठ्याने गोष्ट वाचून दाखवायची, पुस्तकं घरी द्यायची, आणि अवघड शब्द ठाकरांच्या, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या, बोलीत सांगायची, जे आम्हा बाहेरच्यांना जमलंच नसतं. फरक पडला तो तिच्यामुळे. तिचं मानधन बजेटमध्ये नसेल तर पेट्या घेऊच नका, खरंच सांगतो.

एका ठिकाणी मात्र मी डोळे झाकून गाडी म्हणेन, ऊसतोड कामगारांची मुलं. दसरा-दिवाळीनंतर बीड, पाथर्डीकडून कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात, पोरं आईबापासोबत कारखान्याच्या तळावर, मार्च-एप्रिलपर्यंत तिथेच. तिथे पेटी ठेवायला ना कपाट ना भिंत, आज या फडावर उद्या त्या. रस्ते सपाट, पावसाळा संपलेला, तळ एकमेकांपासून जवळ, म्हणजे आठवड्याला दोन फेऱ्या आरामात होतात, संध्याकाळी उशिरा गेलात तर आयाही येऊन ऐकत बसतात.

मोबाइलवर स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या वेबसाइटची फुकट मराठी पुस्तकं आहेत, गोंडीतलीही आहेत, पण घरातला फोन बापाच्या खिशात असतो, त्यामुळे ती प्रिंट काढून पेटीत टाकायला उत्तम, त्यापलीकडे त्यावर भिस्त ठेवू नका.

म्हणून दहा-बारा डोंगरातल्या शाळा असतील तर पेट्या आणि ताया. गाडी घ्यायचीच असेल तर आठवड्यातून एकदा तरी प्रत्येक शाळेवर पोचेल एवढ्याच शाळा घ्या, बाकीच्यांना आत्ताच नाही म्हणा. कायद्याने, म्हणजे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने, प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असायलाच हवं, त्यामुळे काही खरेदी करण्याआधी शाळेत जाऊन कपाट उघडायला सांगा. आमच्या एका शाळेत आत दोनशे पुस्तकं निघाली होती, तिथे आम्ही फक्त ताई दिली.