नदीतला गाळ मोजायचा कसा: हायड्रोफोन की जाळीची पिशवी?

तळावरून घरंगळत जाणारे दगडगोटे मोजायला जुना मार्ग म्हणजे हेली-स्मिथ सॅम्पलर, १९७१ पासून चालत आलेला. धातूचं तोंड, साधारण ७६ मिमी चौकोनी, मागे जाळीची पिशवी, तळाला टेकवायचा, थोडा वेळ थांबायचं, वर ओढून माल वाळवून चाळून वजन करायचं. हातात खरा माल येतो ना, ते भारीच! पण पुरात, म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त माल वाहतो तेव्हाच, पुलावरून हे सोडायला जाणं जिवावरचं काम, आणि तोंडापेक्षा मोठा दगड आत येणारच नाही.

हायड्रोफोन म्हणजे पाण्यातला माइक. गोटे एकमेकांवर आपटतात त्याचा खडखडाट तो ऐकतो, रात्रंदिवस, भर पुरातसुद्धा, कोणी काठावर नसलं तरी. मोठ्या दगडांचा आवाज खालच्या पट्टीत, बारीक खडीचा वरच्या, त्यामुळे आकाराचाही अंदाज येतो. आता गोची अशी की खळखळत्या पाण्याचा स्वतःचा आवाजही खालच्याच पट्टीत असतो, तो गाळावा लागतो, आणि वाळू तर जवळपास ऐकूच येत नाही, म्हणजे वाळूच्या नदीत हा पर्याय बादच समजा. शिवाय आवाज म्हणजे किलो नव्हे, आकडा हवा तर त्याच जागी पिशवी टाकून कॅलिब्रेशन, म्हणजे किती आवाजाला किती माल हे जुळवून घेणं, करावंच लागतं.

माझं मत विचाराल तर गोट्यांच्या नदीत हायड्रोफोन कायमचा बसवा, आणि पाणी बेताचं असेल तेव्हा अधूनमधून सॅम्पलर टाका.