लाइव्ह एन्कोडर घेताय? माझी फसवणूक नेमकी कुठे झाली ते वाचा

डेमोच्या वेळी विक्रेत्याने मला जे चित्र दाखवलं, ते एन्कोडरमधून आलेलंच नव्हतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण कोणी पुढचं काहीही वाचलं नाही आणि एवढंच लक्षात ठेवलं, तरी त्याचे पैसे वाचतील.

एन्कोडर म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र कॉम्प्रेस करून थेट इंटरनेटवर पाठवणारा डबा. अशा डब्याला मागच्या बाजूला सहसा दोन एचडीएमआय पोर्ट असतात, एक इन आणि एक लूप-आउट. कॅमेऱ्याचा सिग्नल इनमधून आत येतो आणि लूप-आउटमधून जसाच्या तसा बाहेर पडतो. मधल्या एन्कोडरच्या चिपचा त्याला स्पर्शही होत नाही. कॅमेरामनला जवळच्या मॉनिटरवर चित्र दिसावं म्हणून ही सोय असते. विक्रेत्याने नेमका तिथेच मोठा ४के मॉनिटर लावला होता. ‘बघा सर, केस न् केस दिसतोय,’ असं तो म्हणाला आणि दिसतही होता. कॅमेरा चांगला होता, मॉनिटर चांगला होता. मी जी वस्तू विकत घेत होतो तिचा मात्र त्या चित्रात काहीच वाटा नव्हता. एन्कोडरचं खरं काम लॅनच्या केबलमधून किंवा मेमरी कार्डावर बाहेर पडतं, आणि त्या बाजूचं चित्र मला दाखवलंच गेलं नाही.

मी छोट्या संस्थांसाठी व्याख्यानं, मैफिली आणि इनडोअर स्पर्धांचं थेट प्रक्षेपण करतो. आधी हे काम संगणकावरच्या सॉफ्टवेअरने चालायचं. मध्येच अपडेट सुरू होणं, पंखा गरगरायला लागून फ्रेम गळणं, हे ज्यांनी सोसलंय त्यांना स्वतंत्र डबा का हवासा वाटतो ते वेगळं सांगायला नको. एकच काम करणारं यंत्र असावं, वीज दिली की सुरू व्हावं आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्याच्याकडे बघायची गरज पडू नये. ही कल्पना मला आजही पूर्ण पटते. म्हणून हा लेख हार्डवेअर एन्कोडरच्या विरोधात नाही. त्याच्या नावाखाली जे विकलं जातं, त्याविषयी आहे.

जाहिरातीत ४के६० (४के चित्र, सेकंदाला ६० फ्रेम), एच.२६५ (व्हिडिओ कॉम्प्रेस करण्याची एक पद्धत), एसआरटी (इंटरनेटवरून व्हिडिओ पाठवण्याची एक पद्धत) आणि ड्युअल सिम बाँडिंग (दोन सिमांच्या जोडण्या एकत्र वापरणं) असं सगळं होतं. यातला एकही शब्द सरळ सरळ खोटा ठरवता येणार नाही अशा बेताने लिहिलेला होता, हे मला नंतर कळलं.

पहिलं मोठं काम बॅडमिंटनच्या स्पर्धेचं होतं. बॅडमिंटन कॅमेऱ्याला कठीण, आणि एन्कोडरला त्याहून कठीण. शटल लहान, पांढरं आणि अतिशय वेगवान. १०८०पी६० (१९२० गुणिले १०८० पिक्सेल, सेकंदाला ६० फ्रेम) लावून प्रक्षेपण सुरू केलं आणि थोड्याच वेळात बघणाऱ्यांचे निरोप यायला लागले, की शटल मध्येच नाहीसं होतंय, खेळाडू झटके खात हलताहेत. प्रक्षेपण दाखवणाऱ्या प्लॅटफॉर्मचं कंट्रोल पॅनेल मात्र सेकंदाला ६० फ्रेम येत असल्याचं सांगत होतं, त्यामुळे वरवर पाहिलं तर सगळं ठीक होतं.

रेकॉर्डिंग घरी आणून एक एक फ्रेम पुढे सरकवत पाहिलं तेव्हा प्रकार उघड झाला. प्रत्येक फ्रेम दोनदा होती. डबा प्रत्यक्षात सेकंदाला ३० फ्रेमच पकडत होता आणि त्यांची प्रत काढून ६० भरत होता. एफएफप्रोब, मीडियाइन्फो यांसारखी साधनं अशा वेळी फसतात, कारण ती फाइलवर जे लिहिलंय ते वाचतात आणि फाइलवर ६० असंच लिहिलेलं असतं. म्हणून मी एक क्लिप तयार केली. तिच्यात काळ्या पडद्यावर प्रत्येक फ्रेमला तिचा अनुक्रमांक येतो, सेकंदाला ६० आकडे. ती संगणकावरून डब्याला दिली आणि बाहेर आलेलं रेकॉर्डिंग पाहिलं. २, २, ४, ४, ६, ६. शंका राहू नये म्हणून त्याच संगणकावरून तीच क्लिप एका मित्राच्या एन्कोडरमधून काढली. तिथे आकडे सलग आले.

४केचं तेच. ३८४० गुणिले २१६० म्हणजे जवळजवळ ८३ लाख पिक्सेल आणि १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २१ लाख, सरळ चौपट फरक. डब्यावर एचडीएमआय २.० लिहिलेलं होतं आणि ते खरं होतं. एचडीएमआय २.० मधून ४के६० सिग्नल जातो. पण आत घेता येणं वेगळं आणि तितकं एन्कोड करणं वेगळं. हा डबा ४के आत घेऊन लगेच १०८०पी करत होता, आणि सेटिंगमध्ये आउटपुट ४के निवडलं तर तेच १०८०पी ताणून ४केच्या मापाचं करत होता. बारीक उभ्या रेघांचा तक्ता समोर धरला, की एक पिक्सेल रुंदीच्या रेघा एकमेकींत मिसळून राखाडी पट्टा दिसायचा. जाहिरातीत ‘४के६० सपोर्ट’ होतं. ‘सपोर्ट’ कशाला, इनपुटला की एन्कोडिंगला, ते कुठेच नव्हतं. या एका मोकळ्या जागेवर या विक्रेत्याचा धंदा उभा आहे, असं माझं ठाम मत आहे.

विक्रेत्याला फोन केला तर तो लगेच म्हणाला, ‘सर, तुमच्या नेटचा प्रॉब्लेम आहे.’ हे उत्तर तुम्हालाही मिळेल, म्हणून त्यावर काय करायचं ते नीट सांगतो. इंटरनेट संपूर्णपणे वगळून चाचणी घ्या. डबा आणि संगणक एकाच राउटरला केबलने जोडा, डब्यातून आरटीएसपी (हीही व्हिडिओ पाठवण्याची एक पद्धत) किंवा एसआरटी सुरू करा आणि संगणकावर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडून रेकॉर्ड करा. डब्यात मेमरी कार्डाची सोय असेल तर त्यावरही करा. तेच दोष तिथे दिसले, तर नेटवर खापर फोडायची वाट बंद होते. मी हे केलं आणि दोन्ही फाइली पाठवल्या. मग उत्तर बदललं, ‘फर्मवेअर अपडेट येतंय.’ चिपमध्ये जी ताकदच नाही ती फर्मवेअरने, म्हणजे डब्यातल्या सॉफ्टवेअरने, येत नाही. ते अपडेट कधी आलंही नाही.

बाँडिंगची फसवणूक मला सगळ्यांत गंभीर वाटते, कारण लोक त्याच्या भरवशावर मोकळ्या मैदानातली, पुन्हा न होणारी कामं घेतात. दोन जोडण्या एकत्र करून एकच प्रवाह पाठवायचा, तर डेटाची पाकिटं, म्हणजे छोटे तुकडे, दोन्हीकडून विभागून जातात, आणि पलीकडे ती पुन्हा क्रमाने जुळवणारं कोणीतरी लागतं, म्हणजे स्वतःचा रिसीव्हर किंवा कंपनीचा क्लाउड सर्व्हर. तिथून जुळलेला प्रवाह प्लॅटफॉर्मकडे जातो. आरटीएमपी (प्लॅटफॉर्मला प्रवाह पाठवण्याची नेहमीची पद्धत) हे एकाच टीसीपी जोडणीवर चालतं, ते नुसतं दोन सिमांवर वाटून थेट प्लॅटफॉर्मला देता येत नाही. मी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारला: पलीकडचा सर्व्हर कोणता? तो आधी ‘ऑटोमॅटिक आहे सर’ म्हणाला, मग दुसऱ्याच विषयावर गेला. प्रक्षेपण चालू असताना एक मोडेम उपटून पाहिला. प्रवाह पूर्ण तुटला, काही वेळाने डबा दुसऱ्या मोडेमवरून नव्याने जोडला गेला. याला फेलओव्हर म्हणतात. तीही कामाची गोष्ट आहे, पण ती बाँडिंग नव्हे, आणि तेवढ्या खंडात बघणारे निघून जातात. बाँडिंग म्हणून कोणी काही विकत असेल तर ‘पलीकडचा सर्व्हर कोणता’ हे विचाराच. खरं विकणाऱ्याकडे त्याचं सरळ उत्तर असतं, बहुधा त्याच्या मासिक शुल्कासकट.

एच.२६५ बद्दल थोडक्यात. मेनूत ते होतं आणि डबा ते खरोखर करतही होता. पण आरटीएमपीवर लावलं की प्लॅटफॉर्मला चित्र मिळायचं नाही. मूळ आरटीएमपीत एच.२६५ साठी जागाच नव्हती. ती सोय एन्हान्स्ड आरटीएमपी या अलीकडच्या विस्ताराने आली, आणि ती डब्यातही हवी, प्लॅटफॉर्मलाही हवी. या डब्यात जुनंच आरटीएमपी होतं. म्हणजे माझ्या नेहमीच्या कामासाठी एच.२६५ ही फक्त मेनूतली एक ओळ होती. एसआरटीवर ते चाललं, पण एसआरटीतही लेटन्सीच्या (मुद्दाम ठेवलेल्या उशिराच्या) चौकटीत काहीही आकडा भरला तरी डबा १२० मिलिसेकंदांवरच अडून बसायचा. हा एसआरटीचा ठरीव आकडा आहे. सर्व्हर लांब असेल तर तो अपुरा पडतो. साधारणपणे पाकीट जाऊन परत यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट लेटन्सी ठेवावी असा सल्ला दिला जातो, नाहीतर हरवलेली पाकिटं पुन्हा मागवायला वेळच उरत नाही. सेटिंग दिसतं म्हणून ते चालतं असं समजू नका, बदलून फरक पडतो का ते पाहा.

व्याख्यानांत आणखी एक दोष सापडला, तो मात्र लांब चाचणीशिवाय सापडत नाही. माझा कॅमेरा सेकंदाला ५९.९४ फ्रेम देतो, बरेच व्हिडिओ कॅमेरे तसंच देतात. डबा त्या सरळ ६० समजून वेळेचे शिक्के मारायचा. हा फरक हजारात एक, पण तासाला ३.६ सेकंद. व्याख्यानाच्या शेवटी वक्ता ओठ मिटून पाणी पीत होता आणि त्याचा आवाज चालूच होता. दोन मिनिटांच्या डेमोत हाच फरक ०.१२ सेकंद असतो आणि सहज निसटतो. म्हणून डेमो मागायचा तर निदान दोन तासांचा मागा, बोलणारा माणूस समोर बसवा आणि शेवटची मिनिटं बघा. डबा किती तापतो तेही तेव्हाच कळतं.

नंतर शोधताना दिसलं, की माझ्या डब्याचं सेटिंगचं पान, अक्षरं आणि चुकलेल्या स्पेलिंगसकट, वेगवेगळ्या नावांच्या कितीतरी डब्यांत तेच आहे. एकच बोर्ड, एकच सॉफ्टवेअर, फक्त वरचं कवच आणि स्टिकर वेगळं. यात बेकायदा काही नाही, पण दुसरा धोका आहे. २०२० साली सुरक्षा संशोधनातून अशाच, एकाच प्रकारच्या चिपवर बांधलेल्या आणि अनेक नावांनी विकल्या जाणाऱ्या एन्कोडरांमधल्या गंभीर त्रुटी जाहीर झाल्या होत्या. त्यात सॉफ्टवेअरमध्येच पेरलेला, पूर्ण ताबा देणारा पासवर्डही होता. वापरणाऱ्याने स्वतःचा पासवर्ड बदलला तरी असा पासवर्ड राहतोच. माझ्या डब्यात तीच त्रुटी आहे असं मी म्हणत नाही. पण तुमची स्ट्रीम की, म्हणजे चॅनेलवर प्रक्षेपण करू देणारा गुप्त संकेत, या डब्यात साठवलेली असते, आणि ती ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या चॅनेलवरून काहीही दाखवू शकतो. म्हणून असा कोणताही डबा थेट सार्वजनिक आयपीवर (इंटरनेटवरून कोणालाही गाठता येईल असा) उघडा ठेवू नका, आणि प्लॅटफॉर्म आरटीएमपीएस (आरटीएमपीचं एन्क्रिप्टेड रूप) घेत असेल व डबा ते देत असेल तर तेच वापरा. फेसबुकने तर २०१९ पासून साधं आरटीएमपी बंद करून आरटीएमपीएसच मागायला सुरुवात केली. माझ्या डब्यात आरटीएमपीएस नव्हतं, हेही विकताना सांगितलं गेलं नाही.

डबा परत करायला गेलो तर विक्रेत्याने सील तुटल्याचं कारण पुढे केलं. सील न तोडता एन्कोडर तपासायचा कसा, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. मग फोन उचलणं बंद झालं. पैसे कार्डाने दिलेले असल्यामुळे मी बँकेकडे वाद नोंदवला आहे, निकाल अजून यायचा आहे. तिथे सगळ्यांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे विक्रेत्याचा एक लेखी निरोप. खरेदीआधी मी विचारलं होतं, ‘हा डबा ४के६० एन्कोड करून नेटवर्कवर पाठवतो का?’ आणि त्याने ‘हो सर, १०० टक्के’ असं लिहून दिलं होतं. जाहिरातीतला ‘सपोर्ट’ कसाही फिरवता येतो, हे वाक्य फिरवता येत नाही.

तेव्हा विचारायचं ते असं, शब्दांत नेमकं आणि लेखी: एन्कोड केलेलं आउटपुट जास्तीत जास्त किती पिक्सेलचं आणि प्रत्यक्ष वेगळ्या किती फ्रेमचं? एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवलं तर तो आकडा किती उरतो? बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) सीबीआर, म्हणजे स्थिर, लावल्यावर वेगवान दृश्यातही तेवढाच राहतो का? एसडीआय (व्यावसायिक कॅमेऱ्यांची केबल-जोडणी) असेल तर ३जी-एसडीआय आहे का? १०८०पी६० ला ते लागतंच, साध्या एचडी-एसडीआयमधून ते जात नाही. बाँडिंगचा सर्व्हर कोणाचा? आणि डेमोत मॉनिटर लूप-आउटला नव्हे, तर एन्कोडरचा प्रवाह पकडणाऱ्या संगणकाला लावलेला हवा. विक्रेता तयार नसेल तर उठून या.

ज्यांनी असा डबा नुकताच घेतलाय आणि परत करण्याची मुदत अजून संपलेली नाही, त्यांनी आकड्यांची ती क्लिप आजच चालवून पाहा. दोष निघाला तर पडद्याचा फोटो काढून थांबू नका, डब्याने बनवलेली मूळ फाइल जपून ठेवा आणि तक्रारीला तीच जोडा. माझ्या बँकेने फोटो बाजूला ठेवून मूळ फाइलच मागितली.