जुना पंपाचा स्टोव्ह: गॅसवर न्यावा की स्पिरिटवर?

घडीच्या पायांचा पितळी पंपाचा स्टोव्ह माळ्यावर पडून आहे आणि तो पुन्हा सॅकमध्ये घालायचा आहे, अशांसाठी हे लिहितोय. रॉकेलवर तो आजही उत्तम चालतो. फ्रान्स लिंडक्विस्टने १८९२ मध्ये स्टॉकहोमला ही रचना काढली तीच मुळी काजळी न धरता रॉकेल जाळण्यासाठी, आणि बर्नर नीट तापला की त्या निळ्या ज्योतीला तोड नाही. पण रॉकेलचा एक थेंब सॅकमध्ये सांडला की स्लीपिंग बॅगचा वास महिनाभर जात नाही. शिवाय दर वेळी काकडा पेटवा, बर्नर तापेपर्यंत थांबा, घाई केली तर भडका, आणि ज्योत वाकडी झाली की पिन मारा. याला कंटाळून मी इंधन बदललं. आधी दोन वर्षं छोट्या डब्यातला गॅस वापरला, नंतर स्पिरिट.

तिसरा मार्ग काही जण सुचवतात, तो आधीच बाजूला काढतो. रॉकेलच्या टाकीत पेट्रोल भरू नका, थोडं मिसळूनसुद्धा नाही. रॉकेलची पेट घेणारी वाफ साधारण ३८ अंशांच्या वर तयार होते, पेट्रोलची शून्याखाली चाळीसलाही होते. टाकी बर्नरच्या खालीच असते आणि हळूहळू तापत जाते. त्या पितळेच्या आत काय दाब चढेल याचा भरवसा नाही, आणि जुन्या टाकीला बहुधा सेफ्टी व्हॉल्व्हही नसतो.

आता गॅस. इथे सगळ्यात जास्त घोटाळा निप्पलमध्ये, म्हणजे इंधन ज्या बारीक भोकातून बर्नरमध्ये सुटतं त्या तुकड्यात, होतो. जुन्याच बर्नरला नळी जोडून गॅस सोडला तर ज्योत मरतुकडी येते, कारण रॉकेलच्या निप्पलचं भोक गॅससाठी फार बारीक असतं. प्रायमस कंपनीचा ओम्निफ्यूएल हा मुळातच अनेक इंधनांवर चालणारा स्टोव्ह आहे. त्यात गॅससाठी ०.४५, पेट्रोलसाठी ०.३७ आणि रॉकेलसाठी ०.२८ मिलिमीटरचं निप्पल येतं. एवढा फरक पडतो, म्हणून घरी भोक मोठं करत बसण्यापेक्षा नळीवाला तयार गॅस बर्नर घ्यावा आणि जुन्या स्टोव्हची फक्त कडी आणि पाय वापरावेत. मी तसंच केलं. टाकी आणि बर्नर काढून ठेवले, पायांच्या मधोमध गॅसचा बर्नर बसवला. नळीमुळे डबा लांब राहतो, त्यामुळे वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा जवळ लावता येतो. डब्यावरच बसणाऱ्या बर्नरला असा आडोसा लावणं धोक्याचं असतं.

वापरायला गॅस सुखाचा, हे मोकळेपणाने सांगतो. चावी फिरवली की ज्योत मोठी, फिरवली की लहान. भांड्याला काळा डाग नाही. चार-पाच जणांचं पाणी तापवायचं असेल तर स्पिरिट त्याच्या जवळपासही येत नाही. वजनाच्या हिशेबातही गॅस पुढे: किलोमागे साधारण ४६ मेगाज्यूल उष्णता, स्पिरिटची जेमतेम २७.

तरीही मी तो सोडला, आणि त्याचं कारण अर्धवट संपलेला डबा.

दर सहलीनंतर एक डबा उरतो. त्यात किती गॅस आहे ते दिसत नाही. हलवून पाहिलं तर आत डुचमळतं, पण अजून दोन वेळा पाणी उकळेल की पाच वेळा, ते त्यावरून कळत नाही. घरी काट्यावर वजन करून रिकाम्या डब्याचं वजन वजा करता येतं. पाण्यात तरंगत ठेवून कुठपर्यंत बुडतो त्यावर खूण करता येते, पण तो अंदाजच. म्हणून प्रत्येक वेळी खात्रीसाठी नवा डबा सोबत जातो, आणि घरी अर्धवट डब्यांची रांग वाढत जाते. माझ्याकडे एका वेळी चार होते.

एवढं मी चालवून घेतलं असतं. पण एका उंचावरच्या मुक्कामी, पहाटे, तसाच एक डबा जोडला. हलवल्यावर आत चांगला पाव डबा गॅस जाणवत होता. ज्योत आली, मिनिटभर टिकली, मग लहान होत होत बोटाच्या नखाएवढी उरली. डबा दोन्ही हातांत धरला, जॅकेटच्या आत ठेवला, पुन्हा जोडला. पाणी कोमट झालं, उकळलं नाहीच. यामागचं कारण मला नंतर समजलं. डब्यात बहुधा प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. प्रोपेन शून्याखाली ४२ अंशांनाही उकळतो, म्हणून तो आधी आणि जास्त निघून जातो. मागे उरतो तो मुख्यतः ब्युटेन, आणि तो शून्याच्या किंचित खालीच वाफ व्हायचा थांबतो. म्हणजे अर्धा डबा हा नव्या डब्याचा अर्धा भाग नसतो, थंडीत तो त्याहून कमकुवत असतो. आयसोब्युटेनचे डबे बरे, ते उणे ११-१२ अंशांपर्यंत तग धरतात. ज्या बर्नरला ज्योतीतून जाणारी तापनळी असते त्याला डबा उलटा धरूनही चालवता येतं, पण माझ्या बर्नरला ती नव्हती.

स्पिरिटचं उलट आहे. बाटलीत जेवढं दिसतं तेवढंच असतं. टाकीच्या जागी पितळी कपाचा स्पिरिट बर्नर ठेवला की काम झालं, निप्पल नाही, वॉशर नाही, पंप नाही. अर्धा लिटर पाणी उकळायला माझ्या अनुभवात पंचवीस ते तीस मिली लागतं, वारा असेल तर थोडं जास्त. मी बाटलीवर रेघा मारून ठेवल्यात आणि दोन दिवसांचा हिशेब निघतानाच करतो. सुरुवातीला कप भांड्याच्या फार जवळ ठेवला होता, तेव्हा ज्योत पिवळी होऊन भांडं काळं पडलं. तीन-चार सेंटिमीटर अंतर सोडल्यावर ते थांबलं. स्पिरिटमध्ये दहावा हिस्सा पाणी घातलं तरी काजळी कमी होते, फक्त उकळायला थोडा जास्त वेळ लागतो.

त्याचे दोष लपवत नाही. पाणी उकळायला गॅसच्या जवळजवळ दुप्पट वेळ जातो. ज्योत कमी करायची तर झाकण अर्धवट सरकवायचं, तेही अंदाजाने. कडाक्याच्या थंडीत स्पिरिटही पेटायला कुरकुर करतं, मग बाटली आधी खिशात गरम करावी लागते. आणि खरा धोका म्हणजे दिवसा उजेडात ज्योत दिसतच नाही. विझली असं वाटून पेटत्या कपात बाटलीतून पुन्हा ओतलं तर आग थेट बाटलीपर्यंत येते. मी झाकण लावून ज्योत मारतो, कप हाताला गार लागेपर्यंत थांबतो, मगच ओततो. मिथेनॉलवालं स्पिरिट विषारी असतं, ते शक्यतो टाळा, इथेनॉलवालं घ्या. आणि गॅस असो वा स्पिरिट, बंद तंबूत पेटवू नका.

मोठा गट असेल, मुक्काम आठवडाभराचा असेल, किंवा भांड्यात सतत काही ढवळत मंद आचेवर ठेवायचं असेल, तर गॅस घ्या, मीही तोच घेईन. एक-दोन जण आणि दोन-तीन रात्री असतील तर माझा कल स्पष्टपणे स्पिरिटकडे आहे. माझ्या बहुतेक सहली अशाच असतात, तुमच्या वेगळ्या असतील तर हिशेबही वेगळा होईल.

कोणताही मार्ग घ्या, मूळ स्टोव्ह कापू नका, झाळू नका. टाकी रिकामी करून वाळवा, पंपाच्या चामडी वॉशरला तेलाचे दोन थेंब द्या आणि कापडात गुंडाळून ठेवा. माझी तशीच आहे, पंप मारला की अजूनही हवा धरते.