‘मिलिटरी ट्रॅव्हल’ घड्याळ घेताना चौथा काटा आधी फिरवून बघा

कामासाठी सारखं दुबईला जाणं असलेल्या नेरुळच्या एका गृहस्थांनी मोबाईलवरची जाहिरात पाहून ६,८०० रुपयांचं ‘मिलिटरी’ घड्याळ मागवलं. दावे चार: ऑटोमॅटिक (म्हणजे सेलशिवाय, हाताच्या हालचालीवर चालणारं), दोन देशांची वेळ, १०० मीटर वॉटरप्रूफ, लष्करी ‘८१०’ सर्टिफाइड. पहिल्याच पावसाळ्यात काचेच्या आतून धुकं धरलं आणि घड्याळ दुरुस्तीच्या टेबलावर आलं. मागच्या झाकणाला स्क्रूसारख्या खाचा होत्या, पण नुसत्या कोरलेल्या. कडेला पातं लावताच झाकण टपकन उघडलं. आत सेलवर चालणारं प्लॅस्टिकचं मशीन आणि रबरी रिंगची जागा रिकामी.

खरं तर मशीनचा खोटेपणा झाकण न उघडताही दिसत होता. सेकंद काटा सेकंदाला एक ठोका घेत होता. ऑटोमॅटिकमध्ये तो साधारण सहा ते आठ बारीक ठोके घेतो, म्हणून सरकल्यासारखा वाटतो.

पण खरी मेख चौथ्या काट्यात. दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारा २४ तासांचा काटा स्वतंत्र फिरायला हवा. चावी एक टप्पा बाहेर ओढून फिरवा: एकतर चौथा काटा एकटा हलेल, नाहीतर तास काटा एकटा तासातासाने उडी मारेल. दोन्ही होत नसेल आणि शेवटच्या टप्प्यावर सगळे काटे मिळूनच फिरत असतील, तर चौथा काटा तास काट्यालाच दातांनी जोडलेला आहे. तो दुबईची वेळ कधीच दाखवणार नाही. आपल्याच दुपारच्या तीनला १५ म्हणेल, एवढंच. या घड्याळात तेच होतं. बेझल, म्हणजे डायलभोवतीची आकड्यांची रिंग, फिरवून हिशेब जमतो, पण मग चौथ्या काट्याचे पैसे कशाला मोजायचे?

आपल्यासाठी आणखी एक गोम. मिनिट काटा एकच असतो आणि भारत ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे, दुबई चार. फरक दीड तासाचा. तासातासाने उडी मारणारं अस्सल घड्याळही इथे अर्धा तास चुकतं. तो अर्धा तास डोक्यात धरावा लागतो. ‘भारतीय प्रवाशांसाठी खास’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला हे विचारा, उत्तर मजेशीर येतं.

‘८१०’ म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याची चाचणीपद्धती, मिल-स्टँडर्ड-८१०. तिचं सर्टिफिकेट देणारी सरकारी संस्थाच नाही. चाचणी उत्पादक स्वतः करतो किंवा प्रयोगशाळेकडून करून घेतो. म्हणून कोणती पद्धत वापरली ते विचारावं: धक्क्याची ५१६, पाण्यात बुडवण्याची ५१२, खाऱ्या धुक्याची ५०९. नुसतं ‘सर्टिफाइड’ ऐकलं की खिसा सांभाळा. डायलवरच्या ‘ट्रिटियम’चंही तसंच. ट्रिटियमच्या नळ्या उजेड न लागताही वर्षानुवर्षं चमकतात. रात्रभर बंद कपाटात ठेवा. पहाटे काटे काळे दिसले तर तो साधा रंग. पाण्याचं म्हणाल, तर ३० मीटर लिहिलेलं घड्याळ हात धुण्यापुरतंच. पोहायचं असेल तर १०० मीटर आणि स्क्रूने बसणारी चावी बघा, शिवाय प्रेशर टेस्ट करून घ्या.

कॅश ऑन डिलिव्हरीने धोका टळत नाही, कारण पार्सल बहुधा पैसे दिल्यावरच फोडता येतं. फोडताना लेबलपासून सलग व्हिडिओ काढा. डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि कोणत्या देशात बनलं हे छापलेलं असावं. इथे काहीच नव्हतं, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता भिवंडीतल्या गोदामाचा.

तक्रार आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर. पैसे घेऊन पेजच गायब झालं असेल तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दाद मागता येते, मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. नेरुळ, वाशी, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, पनवेल मात्र रायगडात.