कडेचा पुतळा : नारायण पेठेतील एका फ्रेमच्या दुकानाचा अनुभव

अठराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार आंत्वान वातोच्या 'सिथेराची यात्रा' या चित्राची प्रत मी नारायण पेठेतील एका दुकानातून छापून आणि फ्रेम करून घेतली. छपाई उत्तम आहे. मॅट कागदावरही रेशमी वस्त्रांवरची सोनेरी झाक टिकली आहे, काच न चमकणारी असल्यामुळे समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब पडत नाही आणि सागवानी पट्टीचे चारही कोपरे घट्ट जुळले आहेत. तक्रार एकच, पण माझ्या दृष्टीने ती मोठी आहे.

मूळ चित्र १२९ बाय १९४ सेंटिमीटरचे आहे. ते १८ बाय २४ इंचांच्या तयार फ्रेममध्ये बसवताना त्याची उजवी कड कापली गेली. विचारल्यावर उत्तर मिळाले, "काका, कडेला नुसता दगडी खांब होता, माणसं सगळी आली आहेत." तो खांब म्हणजे गुलाबांनी वेढलेला, प्रेमदेवता व्हीनसचा पुतळा, आणि चित्राचे वाचन तिथूनच सुरू होते. त्याच्या पायथ्याशी बसलेल्या जोडप्याचे आर्जव अजून संपलेले नाही, त्यापुढची स्त्री प्रियकराचे हात धरून उठते आहे, तिसरी निघता निघता मागे वळून पाहते आहे. पुढे यात्रेकरूची काठी, पायाशी छोटे कुत्रे आणि डावीकडे खाली बाल-मदनांनी वेढलेली नाव. सिथेरा हे व्हीनसचेच बेट, म्हणून ही मंडळी तिकडे निघाली आहेत की तिथून परतत आहेत, हा अभ्यासकांमधला वादही या पुतळ्यापाशी येऊन थांबतो. रागांना चित्ररूप देणाऱ्या रागमालेच्या चित्रातून मोर आणि मेघ कापून एकटी नायिका ठेवावी, तसे हे झाले.

१७१७ मध्ये पॅरिसच्या चित्र-शिल्पकला अकादमीने या चित्राची नोंद 'फेत गालांत', म्हणजे उपवनातील शृंगारिक मेळावा, अशी केली. या परंपरेत पुतळे सहसा शोभेपुरते नसतात; वातोनंतरचा फ्रेंच चित्रकार फ्रागोनार याच्या झोक्याच्या चित्रातही ओठांवर बोट ठेवलेला मदन गुपित राखायला सांगतो.

हे समजावून सांगितल्यावर दुकानदारांनी वाद न घालता १८ बाय २७ इंचांची नवी फ्रेम करून दिली आणि केवळ वाढीव लाकडाचे पैसे घेतले, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. आठवडाभर थांबावे मात्र लागले. तेथे जाणाऱ्यांनी मूळ चित्राची मापे लिहून न्यावीत आणि छपाईपूर्वी चारही कडा संगणकावर पाहून घ्याव्यात. माझ्या भिंतीवर आता व्हीनस उजव्या कडेला पूर्ण उभी आहे, गुलाबांसकट.