नवखा हेड कोच: दीड सीझन वापरल्यानंतर

इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) मुंबई सिटी या आमच्या फुटबॉल क्लबने डिसेंबर 2023 मध्ये पेत्र क्रॅट्कीला हेड कोच नेमलं तेव्हा आमच्या स्टँडमध्ये सगळ्यांचा एकच प्रश्न होता: हा कोण? मेलबर्न सिटीत असिस्टंट, त्याआधी तिथल्याच ज्युनिअर पोरांसोबतचं काम, आणि सीनिअर संघाचा हेड कोच म्हणून ही पहिलीच नोकरी. 2024-25 चा सीझन संपल्यावर हे लिहायला बसलोय. 2024 च्या मे महिन्यात लिहिलं असतं तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते, आणि तेव्हा दिलेल्या पाच स्टारांचा कुणाला काही उपयोग झाला नसता.

आधी निवडीबद्दल. 2019 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने (मेलबर्न सिटीचे मालकही तेच) मुंबई सिटीतला 65 टक्के हिस्सा घेतला. तेव्हापासून इथला कोच हा एकटा माणूस म्हणून यायचा नाही, खेळायची पद्धत ठरलेली असायची आणि ती चालवणारा माणूस शोधला जायचा. क्रॅट्कीच्या आधीचा डेस बकिंगहमही मेलबर्न सिटीच्या असिस्टंटच्या खुर्चीवरूनच आला होता. त्याने 2022-23 मध्ये 20 सामन्यांत 54 गोल मारणारा संघ उभा केला, 46 गुणांनी शील्ड (लीगमध्ये पहिला येणाऱ्याला मिळते ती) घेतली आणि नोव्हेंबर 2023 मध्ये ऑक्सफर्ड युनायटेडचं बोलावणं आल्यावर सीझन अर्धा टाकून गेला. मग मालकांनी त्याच दुकानातून दुसरा माल आणला, असं आम्ही थट्टेने म्हणायचो. पण दोघांत एक फरक होता आणि तो बारीक नव्हता. बकिंगहम मुंबईत येण्याआधी वेलिंग्टन फिनिक्सचा हेड कोच राहिलेला, न्यूझीलंडचा 20 वर्षांखालचा संघ घेऊन वर्ल्ड कपला जाऊन आलेला. हरल्यावर स्वतः प्रेससमोर बसायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच पोरांना ट्रेनिंगला उभं करायचं, हे त्याला ठाऊक होतं. क्रॅट्कीला ते इथे अंधेरीत शिकायचं होतं.

तरी सीझनच्या मध्यात माणूस हवा असेल तर ही निवड मला आजही योग्य वाटते. मोठ्या नावाचा कोच डिसेंबरात येऊन आपली पद्धत लादत बसला असता तर जानेवारी त्यातच गेला असता. त्यातून त्याच जानेवारीत ग्रेग स्ट्युअर्ट सोडून गेला, म्हणजे संघाचं डोकंच गेलं. क्रॅट्कीने आरडाओरड न करता घडी तशीच ठेवली आणि विक्रम प्रतापसारख्या पोराला मोकळं सोडलं. विक्रमला त्या सीझनचा उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार मिळाला. लीगमध्ये 22 सामन्यांत 47 गुण झाले. शील्ड एका गुणाने हुकली.

नवखा कोच बरा की नाही हे जोखायला मी एकच गोष्ट बघतो. तोच प्रतिस्पर्धी थोड्या दिवसांत पुन्हा समोर आला की याने काय बदललं? पहिल्या भेटीत संघ असतो, फॉर्म असतो, नशीब असतं. दुसऱ्या भेटीत कोच दिसतो.

15 एप्रिल 2024, कोलकात्याचं सॉल्ट लेक मैदान. मोहन बागानविरुद्ध शील्डसाठी नुसता ड्रॉ पुरे होता, आणि आपण 2-1 हरलो. संघ घाबरून खेळला, अर्ध्या वाटेवर मागे बसून राहिला. आपला विंगर छांगटेने शेवटच्या मिनिटांत एक फेडला तेव्हा उशीर झाला होता. पहिलटकर कोच इथे मोडतात. मग कपसाठीच्या बाद फेरीत, सेमीफायनलला फातोर्ड्यात गोव्याविरुद्ध नव्वदाव्या मिनिटापर्यंत 0-2. आम्ही काही जण टीव्ही बंद करायच्या बेतात होतो. छांगटे, विक्रम, पुन्हा छांगटे, आणि इंज्युरी टाइम संपायच्या आत 3-2! आमच्या ग्रुपवरचे काका, जे एरवी कुणाचंच कौतुक करत नाहीत, त्यांनी रात्री साडेदहाला नुसता "अरे!!" एवढाच मेसेज टाकला. तरी मी त्या रात्रीचे मार्क कोचला फार देत नाही. असलं काही ठरवून करता येत नाही.

मार्क देतो ते 4 मे च्या फायनलला. तेच मैदान, तोच बागान, पुन्हा पहिला गोल त्यांचाच. या वेळी संघ मागे सरकला नाही. हाफटाइमनंतर प्रेसिंग, म्हणजे बॉल हिसकावायला त्यांच्यावर धावून जाणं, वर गेलं, पेरेरा डियाझने बरोबरी केली, बिपिनने पुढे नेलं आणि शेवटी बेंचवरून आलेल्या वोज्तुसने तिसरा मारला. 3-1. एकोणीस दिवसांत एका माणसाने आपली चूक ओळखून दुरुस्त केलेली स्पष्ट दिसली. हेड कोचचा अनुभव शून्य असलेल्या माणसाकडून मी याहून जास्त मागणार नाही.

आता दुसरा सीझन. पहिल्यात त्याने बकिंगहमची फोडणी दिलेली भाजी नीट शिजवली होती. 2024 च्या उन्हाळ्यात भांडंच रिकामं झालं. कप उचलणारा कॅप्टन, आपला मुंबईचाच राहुल भेके, बेंगळुरूला गेला. नोगेरा बेंगळुरूला, पेरेरा डियाझही बेंगळुरूलाच. अपुइया बागानकडे. म्हणजे संघाचा कणा दोन प्रतिस्पर्ध्यांत वाटला गेला. हे सगळं कोचच्या माथी मारणं अन्याय आहे, खेळाडू विकणं-घेणं वरच्या मजल्यावर ठरतं. पण नवा संघ कसा दिसावा हे तरी कोचच सांगणार ना? ब्रँडन फर्नांडिस, कारेलिस, योन तोराल आले. नावं वाईट नव्हती. गडबड अशी की त्यांच्यासाठी जुनीच मांडणी ठेवली. छांगटेला कॅप्टनचा पट्टा दिला आणि बॉल कुणाकडेही असो, शेवटी छांगटेनेच काहीतरी करायचं, हा एकमेव मार्ग उरला. प्रतिस्पर्ध्यांनी त्याच्यावर दोन माणसं लावली की संघ आडवे पास देत बसायचा. स्टँडमधून "पुढे मार रे!" हे इतक्यांदा ऐकलं की आझाद नगर मेट्रोपर्यंत कानात घुमायचं.

आदल्या वर्षी 22 सामन्यांत 42 गोल होते. या वर्षी 24 सामन्यांत 29, आणि खाल्ले 28. नऊ ड्रॉ. डिसेंबरच्या शेवटी घरच्या मैदानावर नॉर्थईस्टने 3-0 ने धुतलं, त्या रात्री मात्र मेट्रोत कुणी काही बोललं नाही. 36 गुण, सहावा नंबर, प्लेऑफमध्ये, म्हणजे कपच्या बाद फेरीत, कसेबसे आत.

आणि मग माझी ती परीक्षा पुन्हा आली, या वेळी उलट्या बाजूने. 11 मार्चला लीगच्या शेवटच्या सामन्यात क्रॅट्कीचा संघ बेंगळुरूला त्यांच्याच कांतीरवा मैदानावर 2-0 हरवून आला. नीटनेटका खेळ, सीझनमधला बहुधा सर्वांत शहाणा. 29 मार्चला प्लेऑफ, तेच मैदान, तोच प्रतिस्पर्धी. 0-5. गोल करणाऱ्यांत छेत्री, आणि गोल करणाऱ्यांत पेरेरा डियाझसुद्धा. बेंगळुरूचा कोच झारागोझा हाही डिसेंबर 2023 मध्येच त्या खुर्चीवर आलेला, हे लक्षात घ्या. अठरा दिवसांत त्याने काय बदललं ते पहिल्या दहा मिनिटांत दिसलं, आपल्याकडून उत्तर नव्वद मिनिटांत आलं नाही. 0-2 झाल्यावरही तीच मांडणी, तेच आडवे पास. हरण्याचा राग नाही, बाद फेरीत कुणीही हरतो. दुसऱ्या भेटीत आपला कोच दिसलाच नाही, याचा आहे.

"अनुभवी माणूसच आणा" म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. मुंबईने नवखे कोच आधीही वापरलेत आणि दोन टोकांचे. 2015 मध्ये याच क्लबने निकोला अनेल्काला प्लेअर-मॅनेजर केलं. त्याच सीझनला सुनील छेत्रीने नॉर्थईस्टविरुद्ध आयएसएलमधली भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक मारली आणि त्याच सीझनला गोव्याने आपल्याला 7-0 ने लोळवलं. संघ सहावा. तिथे निवड नावाची झाली होती, कामाची नाही. दुसरं टोक दक्षिण मुंबईतल्या कुपरेज मैदानावरचं. 2009 मध्ये मुंबई एफसी या शहरातल्या दुसऱ्या क्लबने आपल्याच दुखापतग्रस्त खेळाडूला, खालिद जमीलला, कोच केलं. फारसे पैसे नसलेला संघ त्याने वर्षानुवर्षं आय-लीग या दुसऱ्या राष्ट्रीय लीगमध्ये टिकवला. बघायला सुंदर खेळ नव्हता, कुपरेजला गेलेल्यांना विचारा. पण एक गोल घेऊन तो राखायचा कसा, हे पोरांना पाठ होतं. तो 2016 मध्ये गेला, पुढच्याच सीझनला मिझोरामच्या ऐझॉल क्लबला आय-लीग जिंकून दिली, आणि त्याच लीगमध्ये मुंबई एफसी तळाला जाऊन खालच्या डिव्हिजनला गेली. शिकवणीची वर्षं मुंबईने सोसली, पदवीचा पेढा मिझोरामने खाल्ला.

म्हणून क्रॅट्कीला काढा असं म्हणणाऱ्यांत मी नाही. कप आणि एका गुणाने हुकलेली शील्ड हे खरं आहे, सहावा नंबर आणि 0-5 हेही तितकंच खरं. तयार संघ हाती दिला तर हा माणूस तो बिघडवत नाही, उलट दाबाखाली सुधारतो. कोरा संघ बांधायला दिला तर अजून कच्चा आहे. साडेतीन स्टार. अर्धा 4 मे चा, तो परत घेणार नाही.

माझ्या हातात असतं तर एक वर्ष वाढवलं असतं आणि सोबत एक अट घातली असती: बाजूला असा असिस्टंट बसवायचा ज्याने स्वतः हेड कोच म्हणून नोकरी गमावलेली आहे. आणि पुढच्या सीझनला बेंगळुरू अंधेरीत येईल तेव्हा छांगटेवर दोन माणसं लागल्यावर बॉल कुठे जातो, तेवढं मी बघणार आहे.